मुस्लिमांची राजकीय प्रतिनिधित्वाची मागणी आणि स्वतंत्र मतदारसंघ

१ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखान यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ सिमल्यात व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. मुस्लिमांचे प्रतिनिधी मुस्लिमांनीच निवडावेत आणि जागा ठरवताना केवळ लोकसंख्या नव्हे, तर समाजाचे राजकीय महत्त्वही पाहावे, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. संयुक्त मतदारसंघात बहुसंख्याकांना सोयीचा मुस्लिमच निवडून येईल, ही त्यामागची भीती होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ढाक्यात मुस्लिम लीग स्थापन झाली.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी स्वतंत्र मतदारसंघ दिले. मतदानाचा हक्क मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर असल्याने सामान्य मुस्लिम त्याबाहेरच राहिला. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनेही स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले.

अस्पृश्यांना हा न्याय लागला नाही. गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात ते मिळालेही. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात आमरण उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण अंतिम निवडणूक संयुक्त मतदारसंघातून होणार होती. मुस्लिमांचे स्वतंत्र मतदारसंघ ब्रिटिश राजवट संपेपर्यंत कायम राहिले.

जागा किती, याइतकाच प्रतिनिधी कोणाच्या मतांवर निवडून येतो हा प्रश्न महत्त्वाचा असतो. राखीव मतदारसंघांपुढे तो आजही उभा आहे.