ॲपालॅचिया सर्व्हिस प्रॉजेक्ट

अमेरिकेच्या मध्य ॲपालॅचियातील गरीब कुटुंबांची घरे युवा स्वयंसेवकांकरवी विनामूल्य दुरुस्त करून देणारी ख्रिस्ती सेवासंस्था. मेथडिस्ट धर्मोपदेशक ग्लेन ‘टेक्स’ इव्हान्स यांनी ती १९६९ मध्ये स्थापन केली. त्या उन्हाळ्यात सुमारे ५० मेथडिस्ट स्वयंसेवकांनी केंटकीतील बार्बरव्हिल येथे चार घरांची डागडुजी केली (पहा : मेथडिस्ट पंथ). किशोरवयीन मुले प्रौढांच्या देखरेखीखाली आठवडाभर शिबिरात राहून छप्पर, तक्तपोशी, पायऱ्या यांची कामे करतात. अपुरे राहिलेले काम पुढच्या आठवड्याचा गट हाती घेतो. घर ऊबदार, सुरक्षित व कोरडे करणे हे उद्दिष्ट असते.

कोळसा खाणींतील रोजगार घटलेल्या या डोंगराळ भागात (पहा : ॲपालॅचियन पर्वत) अनेक कुटुंबांचे घर स्वतःचे असते, पण दुरुस्तीचा खर्च झेपत नाही; म्हणून नवबांधणीपेक्षा दुरुस्तीला प्राधान्य देणे सयुक्तिक ठरते. अकुशल मुलांऐवजी त्याच पैशात स्थानिक सुतार लावावेत, असा आक्षेप घेता येतो. तथापि स्वयंसेवक सहभागशुल्क भरतात व मजुरी घेत नाहीत. हा निधी सहभागामुळेच उभा राहतो, तो अन्यथा सुतारांसाठी उपलब्ध झालाच असता असे नाही. दुरुस्तीने दारिद्र्याचे मूळ कारण दूर होत नाही, हा आक्षेप मात्र उरतो. संस्थेचे मुख्यालय टेनेसीतील जॉन्सन सिटी येथे आहे.