जामठ्याचा अंतिम सामना

रणजी करंडकाचा २०२५ सालचा अंतिम सामना नागपुरास जामठ्याच्या मैदानावर झाला. महाशिवरात्रीच्या दिवशीं, २६ फेब्रुवारीस, तो सुरू झाला आणि २ मार्चला रविवारीं संपला. संपला असें आपलें म्हणावयाचें. कारण विदर्भाचा पहिला डाव ३७९ धांवांचा आणि केरळचा ३४२ धांवांचा हें तिसऱ्या दिवशींच ठरून गेलें होतें, आणि सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांतील आघाडीवर करंडक द्यावा असा या स्पर्धेचा नियम आहे. पुढचे दोन दिवस विदर्भानें खेळत राहावें आणि केरळनें आशा धरून बसावें, इतकेंच काय तें उरलें होतें.

पांचव्या दिवशीं सकाळीं आम्ही मैदानावर होतों. करुण नायर आदल्या दिवशींचें शतक पुढें चालवीत होता. तो १३५ धांवांवर असतां पुढें सरसावला, चेंडू चुकला, आणि यष्टिरक्षकानें यष्ट्या उडविल्या. गोलंदाज होता आदित्य सरवटे. आमच्या पुढच्या ओळींत एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलास घेऊन बसले होते. मुलानें विचारलें, “बाबा, हा बॉलर तं आपल्या नागपूरचा आहे ना?” वडील म्हणाले, “हो.” “आणि आउट झाला तो?” “तो कर्नाटकचा.” मुलानें क्षणभर विचार केला आणि म्हटलें, “मग आपण टाळ्या कोणासाठीं वाजवायच्या?”

वडिलांनीं उत्तर दिलें नाहीं. आम्हांसही तें चटकन् सुचलें नाहीं. आम्ही गेलीं पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकवीत आलों आहों. कोणीं कांहीं विचारलें कीं तो प्रश्न पूर्वीं कोणास पडला होता काय हें आधीं पाहावें, अशी एक खोड त्या व्यवसायानें लागते. मुलाचा प्रश्न बराच जुना आहे. नागपूरच्या क्रिकेटचा इतिहास त्या प्रश्नापासूनच सुरू होतो असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति व्हावयाची नाहीं.

कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपुरास झाला. १९२६ सालीं मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं १५३ धांवा काढल्या, त्यांत अकरा षट्कार होते. आणि १९३२ च्या जूनमध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, त्याचे कर्णधार तेच होते. इतका मोठा पुरुष नागपुरांत जन्मला याचा अभिमान येथील प्रत्येक घरांत ऐकूं येतो. परंतु रणजी करंडकाच्या इतिहासांत त्यांचें नांव ज्या संघाशीं कायमचें जोडलें गेलें आहे तो संघ इंदूरचा. होळकर दरबारानें १९२३ च्या सुमारास त्यांना बोलावून घेतलें, सैन्यांत हुद्दा दिला, आणि खेळाडूस ज्या निश्चिंतीची गरज असते ती दिली. होळकरांच्या संघानें पुढें करंडक चार वेळां जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. यांतील पहिल्या वेळीं बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यांत नायडूंनीं दोनशें धांवा केल्या. त्या वेळीं त्यांची पन्नाशी उलटली होती!

त्याच्या आदल्या वर्षींचा, १९४४-४५ चा, अंतिम सामना तर याहून बोधप्रद आहे. मुंबईनें होळकरांस ३७४ धांवांनीं हरविलें. त्या सामन्यांत कर्नलांचे धाकटे बंधु सी. एस. नायडू, यांचाही जन्म नागपूरचाच, एकूण ९१७ चेंडू टाकीत राहिले. एका सामन्यांत इतके चेंडू टाकणारा दुसरा गोलंदाज प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें अद्यापि झालेला नाहीं. आणि होळकरांकडून नाबाद २४९ धांवा काढणारा फलंदाज कोण? तर डेनिस कॉम्प्टन, महायुद्धाच्या निमित्तानें हिंदुस्थानांत आलेला इंग्रज! आज कोणी परप्रांतीय खेळाडू संघांत आला कीं ‘पैशानें खेळ नासविला’ असा सूर आमच्या पिढींतील मंडळी काढतात. त्यांनीं या सामन्याचा धांवफलक एकदां डोळ्यांखालून घालावा. दरबार होते तेव्हां दरबारानें गडी आणले, दरबार गेल्यावर संघटना आणूं लागल्या. आश्रय देणारा हात तेवढा बदलला.

नागपूरपाशीं असा हात नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाडचा संघ १९३४-३५ च्या पहिल्या स्पर्धेपासून खेळत होता खरा, पण ज्यांनीं तो मोठा करावयाचा ते पोटासाठीं आणि कीर्तीसाठीं दुसरीकडे जात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा निराळा संघ या स्पर्धेंत उतरूं लागला. राजकारणांत विदर्भाचें वेगळें राज्य झालें नाहीं. क्रिकेटपुरतें मात्र तें तेव्हांपासून आहे. त्या राज्याची पहिलीं साठ वर्षें कशीं गेलीं याविषयीं विस्तार करण्याजोगें फारसें नाहीं. एकाही वर्षीं अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

२०१७ च्या डिसेंबरांत हा क्रम मोडला, आणि तोही कसा मोडला हें पाहण्यासारखें आहे. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशीं उपांत्य सामना होता. विदर्भाचा पहिला डाव १८५ धांवांत आटोपला. कर्नाटकानें ३०१ काढल्या. त्यांपैकीं एकट्या करुण नायरच्या १५३. होय, तोच करुण नायर. दुसऱ्या डावांत विदर्भानें ३१३ धांवा केल्या आणि कर्नाटकापुढें १९८ धांवांचें काम ठेवलें. रजनीश गुरबाणी या तरुण गोलंदाजानें सात गडी टिपले आणि कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला. पांच धांवा! एखादा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या बोटांतून निसटून सीमेकडे गेला असता आणि पाठोपाठ आणखी एक चोरटी धांव झाली असती, तर बरोबरी झाली असती आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटकच पुढें गेलें असतें.

अंतिम सामना इंदुरास, दिल्लीविरुद्ध. दिल्लीचा पहिला डाव २९५ धांवांचा झाला, त्यांत ध्रुव शोरी याच्या १४५. गुरबाणीनें सहा गडी बाद केले, आणि त्यांतील तिघे लागोपाठच्या तीन चेंडूंवर, तिघांच्याही यष्ट्या उडवून. रणजीच्या अंतिम सामन्यांत असा पराक्रम त्यापूर्वीं एकदांच, १९७२-७३ सालीं तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम् यांनीं केला होता. मग यष्टिरक्षक अक्षय वाडकर यानें १३३ धांवा केल्या, विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत गेला, दिल्ली दुसऱ्या डावांत २८० वर आटोपली, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं अवघ्या २९ धांवांचें काम एका गड्याच्या मोबदल्यांत पुरें झालें. मैदानाचें नांव होळकर स्टेडियम! नागपूरच्या नायडूंनीं ज्या घराण्यासाठीं करंडक आणला, त्याच्याच नांवाच्या मैदानावर नागपूरच्या फैज फजलनें विदर्भाचा पहिला करंडक उचलला. कादंबरीकारानें असें लिहिलें असतें तर आम्हीं त्यास ओढूनताणून जुळविलें म्हणून नांवें ठेविलीं असतीं.

या विजयांत पाहुणे होते, हें लपविण्याचें कारण नाहीं. शिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. पुढें त्यांनींच मध्यप्रदेशास २०२२ सालीं करंडक मिळवून दिला. गणेश सतीश कर्नाटकचा. आणि वसीम जाफर हे मुंबईचे, ज्यांनीं रणजीचे दहा अंतिम सामने खेळले आणि दहाही जिंकले. जाफर यांचें एक वर्तन मात्र ‘भाडोत्री’ या शब्दांत बसत नाहीं. त्या आधींच्या हंगामांत दुखापतीमुळें ते खेळूं शकले नव्हते, तरी विदर्भाच्या संघटनेनें ठरलेला मोबदला त्यांना दिला. म्हणून २०१७-१८ चा हंगाम ते मोबदला न घेतां खेळले. पुढच्या वर्षीं चाळिशींत असतां त्यांनीं एका हंगामांत १०३७ धांवा केल्या.

तें वर्ष मात्र आमच्या स्मरणांत राहिलें आहे तें सरवट्यामुळें. ३ ते ७ फेब्रुवारी २०१९ या दिवसांत जामठ्यास सौराष्ट्राशीं अंतिम सामना झाला. विदर्भाच्या ३१२ आणि २००, सौराष्ट्राच्या ३०७ आणि १२७. विजय ७८ धांवांनीं. या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें अकरा गडी घेतले, आणि चेतेश्वर पुजारासारखा, खडकासारखा उभा राहणारा फलंदाज दोन्ही डावांत त्याच्याच चेंडूवर बाद झाला, एकदां एका धांवेवर व एकदां शून्यावर. घरच्या मैदानावर, घरच्या मुलानें, घरच्या लोकांसमोर मिळवून दिलेला करंडक तो हाच. सहा वर्षांनीं त्याच मैदानावर तो केरळच्या बाजूनें उतरला.

येथें थोडें दूर जाऊन पाहूं. जामठ्याच्या सामन्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, २०२५ च्या मे महिन्यांत, युरोपखंडांतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या यूरोलीग स्पर्धेचा अंतिम सामना झाला. फेनरबाचे या संघानें मोनाकोस ८१-७० असें हरविलें. स्पर्धा युरोपची, मैदान अबू धाबीचें, विजेता संघ इस्तंबूलचा, त्याचा शिक्षक लिथुआनियाचा, आणि सर्वोत्तम ठरलेला खेळाडू नायजेल हेज-डेव्हिस अमेरिकेंत जन्मलेला! १९५८ सालीं युरोपांतील विजेत्या संघांची पहिली स्पर्धा रीगाच्या लष्करी संघानें जिंकली, तेव्हां संघ बहुधा आपापल्या गांवचेच असत. १९९५ सालीं युरोपच्या न्यायालयानें बोस्मन नांवाच्या फुटबॉलपटूच्या खटल्यांत खेळाडूंच्या देशांतराचीं बंधनें सैल केलीं, आणि तेव्हांपासून तेथें गडी कोठला हा प्रश्न जवळजवळ मागें पडला. ज्याचा सदरा अंगावर, त्याचा तो गडी. बास्केटबॉलचें आणखी एक सुख असें कीं त्यांत बरोबरी नाहीं. चाळीस मिनिटांत निकाल न लागला तर पांच-पांच मिनिटें वाढवीत जातात, कोणीतरी हरेपर्यंत. प्रेक्षक घरीं जातांना संशयांत राहत नाहीं.

रणजी करंडक या दोन्ही बाबतींत अर्धवट आहे, आणि आम्हांस तो त्यामुळेंच आवडतो. संघाला नांव प्रांताचें, पण ठरलेल्या संख्येपर्यंत बाहेरचे गडी घेण्याची मुभा. सामना पांच दिवसांचा, पण विजयावांचूनही विजेता. केरळचाच प्रवास पाहा. उपांत्यपूर्व फेरींत जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावांत एका धांवेची आघाडी. उपांत्य फेरींत गुजराथच्या ४५५ धांवांवर दोन धांवांची. गुजराथचा शेवटचा गडी बाद झाला तो असा: फलंदाजानें चेंडू जोरानें टोलविला, तो जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या शिरस्त्राणावर आपटून उडाला आणि कर्णधार सचिन बेबीच्या हातांत पडला. तो चेंडू टाकणारा सरवटेच. अशा तीन धांवांच्या पुंजीवर केरळ आपल्या इतिहासांत प्रथमच अंतिम सामन्यास आला.

त्या सामन्यांत विदर्भाची अवस्था आरंभीं ३ बाद २४ अशी होती. दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या नागपूरकर मुलानें १५३ धांवा केल्या आणि करुण नायरनें ८६. दोघांनीं मिळून २१५ धांवांची भर घातली. सलामीस कोण आला होता? ध्रुव शोरी, इंदुरास दिल्लीकडून आपल्याविरुद्ध शतक ठोकणारा, आतां विदर्भाचा. पलीकडे केरळकडून इंदूरचा जलज सक्सेना, आणि ७९ धांवा करून केरळला सांवरून धरणारा आपला सरवटे. केरळचा कर्णधार ९८ वर बाद झाला आणि डाव ३४२ वर आटोपला, सदतीस धांवा मागें.

बाहेरचा एक गडी संघांत आला म्हणजे घरचा एक मुलगा बाकावर बसतो. ही किंमत खरी आहे आणि ती विसरूं नये. परंतु करंडक पाहुण्यांनीं आणला असें कोणी म्हणेल तर आम्हीं तें मान्य करणार नाहीं. त्या हंगामांत सर्वांत जास्त, ९६०, धांवा यश राठोडनें केल्या. हर्ष दुबे यानें ६९ गडी घेऊन एका हंगामांतील बळींचा जुना ६८ चा विक्रम मागें टाकला, आणि तोही सरवट्यासारखाच डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. हीं येथलींच मुलें, येथेंच घडलेलीं. नायडूंच्या काळीं येथें वाढलेल्या मुलास मोठें व्हावयाचें तर इंदूर गांठावें लागे. सरवटे केरळास गेला तो नागपुरांत मोठा झाल्यानंतर. दोन्हीं जाण्यांत हा फरक आहे, आणि आमच्या मतें तो करंडकाहून लहान नाहीं.

दुपारीं विदर्भाच्या दुसऱ्या डावाच्या ९ बाद ३७५ धांवा झाल्या, दर्शन नळकांडे याचें अर्धशतक पुरें झालें, आणि कर्णधारांनीं हस्तांदोलन केलें. खेळाडू मैदानांतून परत येतांना आमच्या पुढच्या ओळींतील तो मुलगा बाकावर उभा राहिला होता. प्रथम वाडकर आला, दुबे आला, नायर आला. त्यानें टाळ्या वाजविल्या. मग केरळची मंडळी येऊं लागली तेव्हां त्यानें वडिलांकडे एकदां पाहिलें. वडिलांचे हात आधींच वाजत होते.

२०२५-२६ च्या हंगामांत करुण नायर कर्नाटकाकडे परत गेला.