माळढोक कोणाचा प्रतिनिधी?

विलायतेतील कोळशाच्या खाणींत कामगार उतरत, तेव्हा त्यांच्याबरोबर पिंजऱ्यात एक लहानसा पिवळा पक्षी असे. त्याचे नाव कॅनरी. विषारी वायू साचू लागला की माणसाला चाहूल लागण्यापूर्वीच तो पक्षी मान टाकी, आणि माणसे वर धाव घेत. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती सुचविली. ती इतकी रुजली की कॅनरीऐवजी यंत्रे वापरण्याचे तेथे ठरले ते थेट १९८६ साली.

एकावरून अनेकांची स्थिती ओळखण्याचा हा प्रकार कामगार चळवळीला नवा नाही. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तो तरी काय आहे? घरात शेकडो जिनसा लागतात. त्यांतल्या ठराविक जिनसांचे भाव घ्यायचे आणि त्यावरून साऱ्या संसाराचा खर्च ताडायचा. जिनसांची निवड चुकली, किंवा भाव नीट टिपले गेले नाहीत, की घरात ओढाताण चालूच राहते आणि कागदावर मात्र महागाई वाढलेली नसते. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी याच कारणासाठी रान उठविले. सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि निर्देशांकात दोष आहेत हे समितीने दाखवून दिले.

आज सांगायचा आहे तो इतिहास अशाच एका निवडीचा. मात्र येथे जिन्नस आहे एक पक्षी, आणि संसार आहे दख्खनचे माळरान.

माळढोक, ज्याला आपल्याकडे हूमही म्हणतात, हा मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. घरटे उघड्या जमिनीवर, आणि एका विणीला बहुधा एकच अंडे. त्याला मोकळा, दूरवर नजर जाईल असा गवताळ माळ लागतो, आणि तोही पुष्कळ. म्हणून पक्षितज्ज्ञांनी असे मांडले की माळढोक राखला तर त्याच्या छत्राखाली काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, सगळेच राखले जातील. शास्त्रात याला छत्र-प्रजाती असेच नाव आहे. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अली यांनी माळढोकाचेच नाव सुचविले होते. १९६३ साली मान मिळाला तो मोराला. मोर देखणा खराच; पण तो देवळाच्या आवारातही सुखाने नांदतो. मोर आहे म्हणून माळ शाबूत आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या माळावर हा पक्षी आहे, हे सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरीच्या दशकात लोकांच्या नजरेस आणले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टात घातले होतेच. दुष्काळानंतरच्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात वनखात्याने काही माळ चराईस बंद केले. तेथे गवत वाढले आणि पक्षी आले. येथपर्यंत सगळे उत्तम.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! आपला सबंध नांदेड जिल्हा साडेदहा हजारांचा. त्याच्या चार-पंचमांश एवढा मुलूख, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतील तालुकेच्या तालुके, एका पक्ष्याच्या नावे. त्यातली बहुतेक जमीन खाजगी. शेतकऱ्याच्या दृष्टीने माळढोक म्हणजे जमिनीच्या व्यवहाराला आणि प्रत्येक नव्या कामाला आडवा येणारा शेरा. अखेर २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोपर्यंत पक्षी बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. मध्यंतरी काही गवताळ पट्ट्यांत गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, हेही लक्षात ठेवावे. झाड म्हणजे जंगल आणि जंगल म्हणजे निसर्ग, या समजुतीने उघड्या माळावर जगणाऱ्या पक्ष्याची जागाच मोडली.

मध्य प्रदेशात करेरा येथे १९८१ साली असेच अभयारण्य झाले. तेथे जमीन विकण्यास बंदी आली. काळवीट वाढले, पिके खाऊ लागले, लोक चिडले; आणि नव्वदीच्या दशकात तेथला माळढोक नाहीसा झाला. छत्राखालचे काळवीट वाढले आणि छत्र उडून गेले!

माळ हा रिकामा कधीच नव्हता. सरकारी दप्तरात त्याला पडीक म्हटले, एवढेच. मराठवाड्यात गायरान ही गुरांची चराई, आणि भूमिहीनांची एकुलती एक आशा. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यातली एक मागणी पडीक जमिनीचीच होती. तेव्हा माळाचे नियोजन करताना एकाच पक्ष्याला सगळ्यांचा मुखत्यार केले, तर मेंढपाळाचे आणि भूमिहीनाचे म्हणणे मांडणार कोण? गिरणीत कायम कामगारांनी निवडलेला पुढारी बदली कामगाराच्या वतीने बोलतोच असे नाही, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. निसर्गातही तेच आहे. माळढोक नदीतल्या माशाच्या वतीने बोलत नाही.

ही अडचण शास्त्रज्ञांनाही जाणवली. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील लॅम्बेक या अभ्यासकाने एक वेगळी रीत मांडली. आधी पक्षी निवडू नका, आधी मुलखावरची संकटे लिहून काढा. मग प्रत्येक संकटाची झळ ज्याला सर्वांत आधी लागते तो जीव शोधा. जागा अपुरी पडते कोणाला, तुकड्या-तुकड्यांतून ये-जा करता येत नाही कोणाला, कोणाचे खाद्य संपते, आगीने वा चराईने कोण उठतो. असे चार-सहा जीव मिळून त्या मुलखाचे प्रतिनिधी. एक पुढारी नव्हे, कार्यकारिणी म्हणा. या रीतीवरही टीका झालीच. पण मला ती पटते, कारण तिची सुरुवात तक्रारीपासून होते.

ही रीत अर्धापुरास लावून पाहा. इसापूरच्या कालव्याने आपल्या माळाची केळीची बाग केली, ती मोडा असे कोणी म्हणणार नाही. पण उरलेल्या माळासाठी जागेचा साक्षीदार लांडगा. आखूड गवताचा साक्षीदार धाविक पक्षी. गोदावरीच्या वाळूचा उपसा किती झाला हे वाळूवर अंडी घालणारा नदी सुरय सांगेल. शेतातल्या फवारणीचे मधमाशी सांगेल. मात्र साक्षीदार वेळेवर बोलणारा हवा. गिधाडांनी गुरांच्या डायक्लोफिनॅक औषधाची साक्ष दिली खरी, पण जवळजवळ सगळी मेल्यावर. कारण कळले २००४ च्या सुमारास, जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ साली.

आणि हे जीव मोजणार कोण? अकोला-वाशीम भागात तणमोर या पक्ष्याचा ठावठिकाणा फासेपारध्यांना जितका ठाऊक, तितका कोणालाच नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास सुरुवात केली, तो शिक्का १९५२ पर्यंत टिकला. पूर्वी फासे लावणाऱ्यांच्याच वस्त्यांतील माणसे ‘संवेदना’ या संस्थेबरोबर तणमोराची राखण करू लागली. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपंचायतीने समिती नेमून नोंदवही करावयाची आहे, आणि त्या नोंदवहीच्या नमुन्यात गावातील जाणकारांची नावे लिहिण्यास जागा ठेवलेली आहे. तेथे गुराखी, मेंढपाळ, भोई आणि पारधी यांची नावे येतात की नाही, हे आपल्या गावची वही उघडून कोणासही पाहता येईल.