झेड अक्षातील खोलीची चूक (सीएनसी मिलिंग)

सीएनसी मिलिंग यंत्रावर प्रत्यक्ष कापली गेलेली खोली आणि ड्रॉइंगवर दिलेली खोली यांतील, मान्य मर्यादेबाहेरचा फरक. उभ्या मशीनिंग सेंटरवर, म्हणजे व्हीएमसीवर, स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या झेड अक्षाशी ही चूक निगडित असते. मात्र तिचे मूळ दर वेळी अक्षातच असते असे नाही. ऑफसेट, टूलची पकड, जॉबची बांधणी, तापमान आणि यंत्राची झीज यांपैकी कोणत्याही ठिकाणी ते सापडू शकते.

स्थानिक संदर्भ : अंबरनाथ येथे १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडचा भाग आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती अंबरनाथ आणि बदलापूर येथे आहेत, तर शेजारच्या उल्हासनगरात लहान उद्योगांची दाट वस्ती आहे. लहान कारखान्यातल्या जॉबवर्कमध्ये लॉट छोटे असतात, सेटिंग वारंवार बदलते आणि एका पाळीने लावलेले टूल पुढची पाळी चालवते. त्यामुळे खोली चुकली की यंत्र उघडण्याआधी सेटिंग तपासणे, हा तेथे पहिला नियम ठरतो.

चुकीची लक्षणे व कारणे : फरक किती आहे आणि तो कसा बदलतो, यावरून बहुतेक वेळा कारण कळते.

(१) पहिल्या जॉबपासून सर्व टूलना सारखाच फरक : वर्क ऑफसेटचे झेड मूल्य चुकलेले असते. ५० मिमी उंचीच्या झेड सेटरवर टूल टेकवून ती उंची हिशेबात धरायची राहिली, तर फरक नेमका ५० मिमी येतो.

(२) एकाच टूलला फरक : टूलच्या लांबीची भरपाई लावणाऱ्या जी ४३ आदेशासोबतचा एच क्रमांक आणि बसवलेल्या टूलचा क्रमांक जुळतात का ते पाहावे. कधी टूल बदलल्यावर जुने वेअर ऑफसेट पुसायचे राहून गेलेले असते. फानुक नियंत्रकाच्या अनेक यंत्रांवर दशांश चिन्ह न देता ‘झेड-५’ लिहिले, तर यंत्र ते ५ मायक्रॉन धरते; टूल जवळपास पृष्ठभागावरच फिरते.

(३) जॉबगणिक खोली वाढत जाणे : उजव्या वळणाच्या एंडमिलला कापताना खाली ओढणारे बल लागते. कॉलेट झिजलेला, तेलकट किंवा कमी आवळलेला असेल, तर टूल होल्डरमधून हळूहळू बाहेर सरकते. टूलच्या दांड्यावर होल्डरच्या तोंडाशी मार्करने रेघ मारून दोन-तीन जॉब काढावेत. रेघ खाली उतरली, तर दोष पकडीत आहे. रेघ जागेवर राहून खोली बदलत असेल, तर मोटर आणि बॉलस्क्रू यांमधील कपलिंग सरकते आहे का ते तपासावे.

(४) बॉलस्क्रूच्या एका फेऱ्याएवढा फरक : स्क्रूचा लीड १० मिमी असताना चूकही १० मिमीची असेल, तर अक्षाचा रेफरन्स, म्हणजे शून्य ठरवणारा बिंदू, एका फेऱ्याने हुकला आहे. रेफरन्स स्विच किंवा तो दाबणारा डॉग सैल होणे, डॉगची जागा काठावर असणे, ही नेहमीची कारणे. ॲब्सोल्यूट एन्कोडर असलेल्या यंत्रावर बॅटरी उतरली की झेडचे शून्य हरवते. बॅटरी यंत्र चालू ठेवूनच बदलावी.

(५) सकाळी सुरू होऊन हळूहळू स्थिरावणारा फरक : पोलाद दर मीटरला दर अंशास सुमारे ११ ते १२ मायक्रॉन प्रसरण पावते. ५०० मिमी लांबीचा स्क्रू ५ अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे ०.०३ मिमी वाढते. स्पिंडल तापल्यावर टूलचे टोक खाली येते आणि खोली वाढते. बंद शेडमध्ये उन्हाळ्यातील दुपार आणि पावसाळ्यातील पहाट यांत हा फरक ठळक होतो. अचूक कामाआधी स्पिंडल १५ ते २० मिनिटे फिरवून घ्यावे आणि मगच टूल सेट करावे.

(६) अनियमित फरक : वाइसचा हलता जबडा आवळताना जॉब उचलतो. पॅरलल ब्लॉक हाताने हलत असेल, तर जॉब बसलेला नाही. बीटी ४० होल्डरच्या टेपरमध्ये अडकलेली एक बारीक चिपही होल्डर पूर्ण बसू देत नाही आणि टूल खाली राहते. ड्रॉबारच्या स्प्रिंग वॉशर थकल्या, तर होल्डर कापताना सुटू पाहतो.

अक्षाची चाचणी : चुंबकीय स्टँडवरील ०.००१ मिमी अचूकतेचा डायल टेबलवर ठेवून त्याचा स्पर्शक स्पिंडलच्या तोंडाला टेकवावा. हँडलने अक्ष ०.०१ मिमीच्या पायऱ्यांनी आधी खाली, मग वर न्यावा. दिशा बदलल्यावर पहिल्या दोन पायऱ्यांना काटा हलला नाही, तर ०.०२ मिमी हालचाल हरवते आहे; हाच बॅकलॅश. त्यानंतर रेफरन्सवर जाऊन त्याच बिंदूवर परतण्याची क्रिया दहा वेळा करून वाचने लिहावीत. वाचने जुळली आणि जॉब तरीही चुकला, तर दोष टूल, पकड किंवा बांधणीत आहे.

उभ्या अक्षात हेडचे वजन नटला एकाच बाजूला दाबून ठेवते, म्हणून थोडी झीज बराच काळ दिसत नाही. काउंटरबॅलन्सचा दाब बदलला किंवा कापण्याचे बल वरच्या दिशेने आले, की ती उघड होते. अचूकता आणि पुनरावृत्ती मोजण्याची पद्धत आयएसओ २३०-२ या मानकात दिली आहे.

दुरुस्ती : फानुकमध्ये बॅकलॅशची भरपाई पॅरामीटर १८५१ मध्ये लिहितात. डायलने मोजल्याशिवाय हे मूल्य बदलू नये. सैल थ्रस्ट बेअरिंग किंवा झिजलेला नट पॅरामीटरने बरा होत नाही. भरपाई वाढवत नेल्यास पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात. स्पिंडलखाली हात घालण्याआधी हेडला लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्यावा, कारण ब्रेक सुटल्यास हेड खाली येते.

प्रत्येक यंत्राजवळ एक वही ठेवावी आणि तीत तारीख, पाळी, टूल, चुकीचे माप व दिशा लिहावी. पुढच्या वेळी चूक शोधण्याचा वेळ या नोंदी वाचवतात. माप चुकताच ऑफसेटमध्ये आकडा भरून पुढे जाण्याच्या सवयीने मूळ दोष झाकला जातो आणि तो महागड्या जॉबवर उघड होतो.