चाक्यार, माणी माधव

(१५ फेब्रुवारी १८९९–१४ जानेवारी १९९०). केरळमधील कूडियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेतील थोर नट, गुरू व ग्रंथकार. जन्म उत्तर केरळात, कोळिक्कोड परिसरात, पिढीजात नटांच्या घराण्यात. माणी परमेश्वर, माणी नीलकंठ व माणी नारायण या घरच्याच वडीलधाऱ्या चाक्यारांकडे लहानपणापासून तालीम झाली. संस्कृत आणि नाट्यशास्त्राचे अध्ययन पंडितांकडे केले. कोचीन राजघराण्यातील परीक्षित तंपुरान हे त्यांचे एक गुरू. पुढे किळ्ळिक्कुरुश्शिमंगलम येथे स्थायिक.

कूडियाट्टम देवळाच्या आवारातील कूत्तंबलम या नाट्यगृहातच होत असे. पुरुषपात्रे चाक्यारांनी व स्त्रीपात्रे नंग्यारांनी, म्हणजे नंब्यार ज्ञातीतील स्त्रियांनी, करायची, मिळावु हे घटासारखे मोठे तालवाद्य नंब्यारांनी वाजवायचे, अशी जातवार वाटणी होती. एकेका अंकाचा प्रयोग अनेक रात्री चाले.

माधव चाक्यारांचे खरे सामर्थ्य नेत्राभिनयात होते. डोळ्यांत तूप घालून बुबुळे, पापण्या व भुवया वेगवेगळ्या लयींत फिरवण्याचा सराव या परंपरेत बालपणापासून करून घेतात. त्यातून आलेली ताकद ‘सुभद्राधनंजय’ या नाटकातील आश्रमवर्णनात दिसे. आश्रमाच्या शांतीमुळे अग्नीत झेपावणारा पतंगही होरपळत नाही, एवढाच तेथील आशय. बसल्या जागी, हात न हलवता, ते पतंगाची फडफड आणि ज्वाळेचे लवलवणे केवळ डोळ्यांनी दाखवत. रावणाच्या भूमिकेत कैलास उचलण्याच्या प्रसंगी त्यांची नजर पायथ्यापासून शिखरापर्यंत सावकाश चढे आणि प्रेक्षकापुढे पर्वत उभा राही. पाठोपाठ येणाऱ्या ‘पार्वतीविरह’ या प्रसंगात तोच नट रावणाच्या वेशात शिव व पार्वतीही होतो. ही पात्रांतरे ते नजरेच्या एका पालटात करीत. विसाव्या शतकातील भारतीय अभिनयाचा विचार या प्रसंगांना वगळून करता येणार नाही.

१९४९ मध्ये त्यांनी आकाशवाणीसाठी चाक्यार कूत्तु हा एकपात्री कथनप्रकार सादर केला व १९५५ मध्ये आपल्या गावी देवळाबाहेर कूडियाट्टमचा प्रयोग केला. या पायंड्याचे श्रेय देताना त्यांचे समकालीन नट पैंकुळम राम चाक्यार यांचेही नाव घेतले जाते. ज्ञातीतून विरोध झाला. वैक्कम येथील प्रयोगांनंतर बहिष्काराचीही भाषा झाली. तरीही १९६२ मध्ये, संस्कृत पंडित डॉ. व्ही. राघवन यांच्या पुढाकाराने, मद्रास येथे केरळबाहेरचा प्रयोग झाला व १९६४ मध्ये दिल्लीत. देवळांच्या जमिनी व उत्पन्न आटत असताना कला आवारातच कोंडून ठेवणे म्हणजे तिला मरू देणे होते. त्यांचा निर्णय योग्यच होता.

रंगावृत्तीची परंपरा नसलेल्या कालिदासाच्या नाटकांना त्यांनी कूडियाट्टमच्या पद्धतीने मंचावर आणले. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ व ‘पंचरात्र’ यांचेही प्रयोग बसवले.

ग्रंथलेखन : ‘नाट्यकल्पद्रुमम्’ (१९७५, मलयाळम). नटांच्या घरी ताडपत्रांवर आणि मुखोद्गत राहिलेली प्रयोगविद्या नाट्यशास्त्राशी ताडून त्यात मांडली आहे. ती लिहिणारा स्वतः रंगमंचावरचा नट असल्याने अन्य पंडिती ग्रंथांहून हा निराळा ठरतो.

शिष्यपरंपरेत मातृवंशाचा नियम दिसतो. पत्नी कुंजिमालु नंग्यारम्मा. पुत्र पी. के. नारायणन नंब्यार आईच्या ज्ञातीप्रमाणे मिळावुवादक झाले आणि त्या वाद्याचे श्रेष्ठ आचार्य ठरले. नटाची गादी भाचे माणी दामोदर चाक्यार यांच्याकडे गेली. कथकळीतील नामवंत नट कलामंडलम कृष्णन नायर नेत्राभिनय त्यांच्याकडेच शिकले.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६४), पद्मश्री (१९७४), अकादमीची फेलोशिप (१९८२). त्यांच्या पश्चात, २००१ मध्ये, युनेस्कोने कूडियाट्टमला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले.