सरावाचा अतिरेक आणि घटणारे स्नायुबळ

जितका अधिक सराव तितकी अधिक ताकद, हे समीकरण अव्वल दर्जाच्या क्रीडापटूंबाबत एका मर्यादेपर्यंतच खरे ठरते. व्यायाम चालू असताना स्नायू बळकट होत नाहीत. उलट त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यांतील ग्लायकोजेनचा साठा घटतो. बळ वाढते ते नंतरच्या विश्रांतीत. तीच अपुरी पडली, की जुनी झीज भरून येण्याआधी नवी सुरू होते.

युरोप आणि अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थांनी २०१३ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात याचे तीन टप्पे मानले आहेत. पहिल्यात कामगिरी थोडे दिवस खालावते आणि विश्रांतीनंतर पूर्वीपेक्षा उंचावते. प्रशिक्षकाला हेच हवे असते. दुसऱ्यात सावरण्यास काही आठवडे ते महिने लागतात. तिसरा टप्पा म्हणजे ‘ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम’. त्यातून बाहेर येण्यास याहूनही अधिक काळ जातो. खेळाडू नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, हे बहुधा तो सावरल्यावरच कळते, ही यातली खरी अडचण.

अमेरिकी संशोधक अँड्र्यू फ्राय यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन उचलण्याचा सराव असलेल्या पुरुषांना दोन आठवडे दररोज कमाल क्षमतेइतक्या वजनाच्या दहा बैठका मारावयास लावल्या. त्यांची कमाल ताकद घटली. मात्र टेस्टोस्टेरॉन व कॉर्टिसोल यांत अपेक्षित उलथापालथ आढळली नाही. ॲड्रेनालाईनला प्रतिसाद देणाऱ्या स्नायूंतील ग्राहींची संख्या कमी होते, असे याच धर्तीच्या २००६ मधील अभ्यासात दिसले. म्हणजे शरीर चाबूक ओढत राहते, पण स्नायू दाद देत नाहीत. अर्थात, हे ऑलिम्पिकपटू नव्हते. पदकाच्या दावेदाराला मुद्दाम असे थकविण्यास कोण तयार होईल?

याउलट उदाहरण म्हणून बल्गेरियाचे भारोत्तोलन प्रशिक्षक इव्हान अबाद्जिएव्ह यांचे नाव घेतले जाते. त्यांचे खेळाडू जवळजवळ रोज कमाल वजन उचलीत आणि जगज्जेतेही होत. परंतु १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये दोन बल्गेरियन विजेते उत्तेजक चाचणीत दोषी ठरले आणि संघाने माघार घेतली. त्यामुळे त्या पद्धतीचा दाखला जपूनच द्यावा लागतो.

निदानासाठी एकच अशी रक्तचाचणी नाही. रक्तक्षय, जंतुसंसर्ग, थायरॉइडचे विकार आणि अपुरा आहार या शक्यता आधी वगळाव्या लागतात. मोडलेली झोप, चिडचिड आणि नेहमीचेच वजन जड वाटणे ही लक्षणे मात्र डॉक्टरांपेक्षा प्रशिक्षकालाच आधी दिसू शकतात. स्पर्धेपूर्वीच्या साधारण दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणावे, तीव्रता मात्र कायम ठेवावी, ही पद्धत आज बहुतेक खेळांत रूढ आहे.