पाळणाघराचा कायदा बायका मोजतो, मुलं मोजत नाही

नोव्हेंबर २०१६. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं खारघर. एका खासगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली आणि सीसीटीव्हीतलं ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. गुन्हा नोंदला गेला, अटक झाली. पण त्या वेळी एक गोष्ट उघडी पडली. राहत्या घरात पाळणाघर काढणाऱ्याला परवाना देणारा, त्याची तपासणी करणारा स्वतंत्र कायदाच राज्यात नव्हता.

चर्चा झाली ती पैसे भरू शकणाऱ्या आईबापांच्या मुलांची. ती व्हायलाच हवी होती. पण अलिबाग-मुरूडच्या किनारपट्टीवर आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथे पाळणाघर चांगलं की वाईट हा प्रश्नच येत नाही, ते नसतंच. पहाटे बंदरावर जाणारी कोळीण, बंगल्यात धुणीभांडी करणारी आमची ताई, वीटभट्टीवरची कातकरी बाई, यांचं तान्हं मूल कोण सांभाळतं? दहा-अकरा वर्षांची थोरली बहीण. म्हणजे एका मुलाच्या सांभाळासाठी एका मुलीची शाळा सुटते. डिसेंबर १९२७ मध्ये याच जिल्ह्यातल्या महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना मुलींनाही शिकवा म्हणून बजावलं होतं. मुलीच्या कडेवर भावंड असेल तर ती शाळेत जाणार कशी?

हा प्रश्न जुना आहे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कुटुंबांत बाळाला अफूची बाळगोळी देऊन निजवलं जाई, कारण आईला पाळीवर जायचं असे. तो आईचा निर्दयपणा नव्हता, दुसरी सोयच नव्हती. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं, की आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचंच हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये तो कायदा झाला.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४५-४६ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली. जिथे स्त्रिया कामाला आहेत अशा खाणीत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखून ठेवणं मालकावर बंधनकारक करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. याच सरकारने १९४३ मध्ये युद्धाच्या कोळशासाठी स्त्रियांच्या भूमिगत कामावरची बंदी उठवली होती, हे लपवायचं कारण नाही; १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. पण या दुरुस्तीचे शब्द नीट बघा. किती स्त्रिया, असं त्यात विचारलेलं नाही. स्त्रिया आहेत का, एवढंच विचारलं आहे. १९५२ च्या खाण कायद्यातही तेच राहिलं.

बाकीचे कायदे मात्र आकडा विचारत राहिले. कारखाने अधिनियम १९४८ ने ५० हून अधिक स्त्रियांची अट घातली, १९७६ मध्ये ती ३० वर आली. मळ्यांच्या १९५१ च्या कायद्यात ५० स्त्रिया, बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात ५० हून अधिक. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीत स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५०च.

आता आमच्या किनाऱ्यावरची एक तरी बाई या हिशेबात बसवून दाखवा. जवळा वाळत घालणाऱ्या, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, चार घरची कामं करणाऱ्या बायका एका मालकाच्या हजेरीपटावर कधीच ५० होत नाहीत. कायद्याने त्यांना नाकारलं नाही, मोजलंच नाही. मालकाच्या हजेरीपटावर नसलेले कष्ट बहुतेक कोणत्या जातींचे आहेत, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून वस्तीतलं घरगुती पाळणाघर हा आम्हाला दयेचा नाही, हक्काचा विषय वाटतो. त्याला परंपराही आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते पुण्यात, स्वतःच्या घरी. पण घरात काढलं म्हणून नियम नकोत, असं कोणी म्हणू नये. गरिबाच्या मुलाला कमी प्रतीची सुरक्षा चालते, हा विचारच मनुवादी आहे.

जे कार्यकर्ते हे काम हाती घेणार आहेत, त्यांनी केंद्र सरकारच्या २०१८ च्या किमान मार्गदर्शक सूचना आधी वाचाव्यात. त्या ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांसाठी आहेत, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहेत. दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सेविका, त्यावरच्या २० मुलांमागे एक, सोबत मदतनीस. काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. घरमालकाची वा सोसायटीची लेखी संमती घ्या. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी फक्त सूचना द्यावी लागते. ती देऊन पोच जपून ठेवा. मूल कोण सोडतं, कोण नेतं, याची वही रोज भरा. आणि एक नियम आपला स्वतःचा: सगळ्या जातींच्या मुलांना एकच पंगत, एकच पिण्याच्या पाण्याचं भांडं. चवदार तळ्याच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागू नये, पण सांगतो.

मात्र कार्यकर्त्यांनी चार खोल्या चालवल्या म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. पाळणाघर मालकाच्या दारात शोधू नका, वस्तीत द्या. किती बायका कामाला आहेत हे न मोजता किती मुलं सहा वर्षांखालची आहेत हे मोजा. घरगुती पाळणाघराला नोंदणी, तपासणी आणि अनुदान तिन्ही द्या. नुसती तपासणी आणाल तर फक्त पैसेवाल्यांची पाळणाघरं टिकतील. ग्रामसभेत हा ठराव मांडायला पैसे लागत नाहीत. येत्या ग्रामसभेत आपण तो मांडणार आहोत का?

जय भीम!